सुटणारा तुकडा

भगवंतशेठ कारखान्यात शिरले की आधी अत्तर यायचं, मग शेठ. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत नाल्याचा वास भिंतींत मुरलेला, त्यामुळे अत्तर मारणाऱ्यावर माझा राग नाही. पण शेठचं अत्तर वास झाकायला नव्हतंच. 'तुम्हाला वास येतो' हे आम्हाला सांगायला होतं. मी त्यांचा स्टोअरकीपर, पालघरचा राऊत. आलेला माल मोजून घ्यायचा, गेलेला मोजून द्यायचा. माणसंही मी तशीच घेतो. बहुधा घट निघते.

आम्ही व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवायचो. चौऱ्याण्णव साली कमलाकांत आला आणि तळहातावर मावणारा कॉम्प्युटर बनवायचा हट्ट धरून बसला. चिंचणीच्या मांगेलआळीतला, घरच्यांनी मासे विकून शिकवलेला इंजिनीयर. त्याच्या यंत्रात मधे मेंदू आणि छोटा पडदा, आणि तीन बाजूंना खाचा. एका खाचेत आकड्यांच्या बटणांचा तुकडा, दुसरीत वजनकाट्याची वायर, तिसरीत ज्याला जे हवं ते: पावती छापणारा तुकडा नाहीतर जादा बॅटरी. अंगठ्यानं खटका दाबला की तुकडा सुटायचा.

"राऊतकाका," तो मला सांगायचा, "माझी मावशी लिलावात बसते. हात कायम ओले. बटणं खराब झाली तर नुसती बटणं बदलायची. अख्खं यंत्र का फेकायचं?"

बटणांचा तुकडा त्यानं खास धुता येईल असा केला होता, आणि त्याला कारण होतं. चिंचणीच्या लिलावात एका होडीची मासळी तोलून झाली की दुसरीची तोलायच्या आधी पारडं धुतात. पहिल्या होडीचा चिकटा दुसरीच्या वजनात गेला तर ती चोरी. शिवाय दर्याचा अपमान. पारडं आणि त्याबरोबर हाताळलेलं सगळं धुतलेलं दिसल्याशिवाय तिथं कोणी बोली लावत नाही.

पहिल्या चाचणीला आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो. कमलाकांतची मावशी येसूबाई लिलावातली थोरली. तिनं यंत्र हातात घेतलं, बोंबलाची पाटी काट्याला लावली, आकडा वाचला, खटका दाबून बटणं काढली, बादलीत खळखळ धुतली, लुगड्याला पुसली आणि परत बसवली. जणू जन्मभर हेच करत होती. शेजारच्या मंजुळानं तिसऱ्या रिकाम्या खाचेत मिश्रीची डबी बसवून पाहिली. बरोब्बर बसली.

"अगं मंजुळे, कॉम्पुटरला दात हायत का मिश्री लावायला?"

"त्याला नसतील. मला हायत. जागा कशाला फुकट घालवू?"

बायका हसून लोळल्या. कमलाकांतचे तर डोळे भरून आले. म्हणाला, "काका, बघा! तिनं ते स्वतःचं करून घेतलं."

शेठ नाकाला रुमाल लावून उभे होते. परतताना जीपमध्ये म्हणाले, "बटणं बिघडली की बाई नुसती बटणं मागणार. मग आपण काय खायचं, मिश्री?"

दुसरी चाचणी मच्छीमार सोसायटीच्या मंडळींसमोर होती. ऑर्डर मिळाली तर यंत्र बनणार. नाही मिळाली तर कमलाकांत पुन्हा स्टॅबिलायझरच्या तारा गुंडाळणार. हे त्यानं येसूबाईला सांगितलं होतं. तिनं सगळ्या बायकांना बजावलं होतं, "आमच्या कमळ्याचा काम हाय. नीट वागा."

पहिली होडी झकास तोलली. दुसरी लागली. येसूबाईनं पारडं धुतलं, यंत्र उचललं, खटका दाबला.

"कमळ्या, हा निघत नाय रं."

कमलाकांतनं ओढून पाहिलं. नख उलटं झालं. तेवढ्यात सांध्यावरची पांढरट रेघ त्याला दिसली, मलाही दिसली. गोंद. स्टोअरमधून दिलेला नव्हे, बाहेरून आणलेला. शेठची बाहेरची कामं करणारा आमचा हेल्पर बन्सी एकदम वाळूत काहीतरी शोधायला लागला.

"ओढू नका, बाई!" शेठ रुमालाआडून म्हणाले. "तसंच वापरा."

"तसाच? ह्या होडीचा चिकटा त्या होडीला लावू? तुमच्या घरी पंगतीत उष्ट्या पानावर वाढतात काय, शेठ?"

बायका खदखदल्या. तिकडे दुसऱ्या होडीचे लोक ओरडायला लागले. धुणं तर चुकणार नव्हतं. येसूबाईनं बटणांची बाजू खाली धरून यंत्र बादलीत बुडवलं. पडदा एकदा लुकलुकला आणि विझला.

शेठ कमलाकांतच्या कानाशी गेले. मी पलीकडेच होतो. "डिझाईनची चूक म्हणून सांग. उद्यापासून तू हेड. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." मग मोठ्यानं, "सांग यांना, काय राहून गेलं ते!"

कमलाकांत बादलीकडे पाहत राहिला. पाण्यावर खवले तरंगत होते. मला वाटलं, आता बोलेल. बोलला.

"मावशी, चूक माझीच. खाच घट्ट झाली."

खवले काढून काढून येसूबाईच्या अंगठ्याचं नख जाड झालेलं. त्या नखानं तिनं सांध्यातला पापुद्रा उचकटला आणि वास घेतला.

"ही घट्ट खाच नाय. हा गोंद हाय. तू लावला?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. पापुद्रा तिनं बोटानं असा उडवला की तो शेठच्या बुटावर जाऊन चिकटला.

ऑर्डर तरीही मिळाली. शेठनी सोसायटीच्या पुरुषमंडळींना पटवलं, 'खाचांचीच चूक होती. आता एकसंध मशीन, पाण्याची भीती नाही.' बायकांना कोणी विचारलं नाही. नव्या यंत्राला खाचा होत्या, म्हणजे वरवर कोरलेल्या रेघा. उघडणारं काहीच नव्हतं. "राहू देत रेघा," शेठ म्हणाले, "गिऱ्हाइकाला बरं वाटतं." त्या रेघा कमलाकांतनं स्वतः काढल्या. मोजपट्टी लावून, फार सुबक. खोक्यावर छापलं होतं: 'तुमच्या मनासारखं.' ती खोकी स्टोअरमध्ये रचताना मी प्रत्येक वेळी हात धुवायचो.

हेड झाल्यावर कमलाकांत अत्तर लावायला लागला. शेठचंच.

एका रविवारी मी चिंचणीला मासळी घ्यायला गेलो, तर माझ्यापुढे तो. येसूबाईसमोर तिचं जुनंच पारडं होतं. सोसायटीचं यंत्र पाटीखाली उतार सावरायला लावलेलं.

"मावशी, पापलेट दे की. मोठं बघून."

"घ्या, साहेब."

"साहेब काय गं?"

"मग काय म्हणू?" ती म्हणाली. पारडं तिनं नीट तोललं, गुंजभरही इकडेतिकडे नाही. भाव सांगितला, त्यानं दिला. घासाघीस त्यानं केली नाही आणि तिनं करायला लावलीही नाही. घरच्या माणसाला वर टाकतात ती मांदेली टाकली नाही. पिशवी घेऊन तो मोटरसायकलकडे गेला.

येसूबाईनं बादली ओढली आणि पारडं धुवायला घेतलं. आतून, बाहेरून, साखळ्यांसकट.

मी समुद्राकडे पाहिलं. ओहोटी होती, सगळ्या होड्या चिखलात कलंडलेल्या.

"येसूबाय, आता कुठली होडी लागली?"

"कुठलीच नाय," ती म्हणाली आणि आणखी एक तांब्या ओतला.