दोराच्या पलीकडचा झेल

अ‍ॅम्ब्रोस किओला स्वतःच्या पायांविषयी शंका कधीच नव्हती. शंका होती ती संघमालक श्टालला. या श्टालच्या बेसबॉल संघाचं डावं मैदान अ‍ॅम्ब्रोसनं आठ मोसम राखलं, आणि वसंतात श्टालनं त्याला शेजारच्या गावाला विकून टाकलं. वर सगळ्यांदेखत म्हणाला, "घोडा म्हातारा झालाय." नव्या व्यवस्थापकानंही स्पष्टच सांगितलं होतं, "जुन्या गावातल्या सामन्यात पाय चालले तर ठेवीन, नाहीतर नारळ."

चार जुलै, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. बाकं भरली आणि उरलेलं गाव मैदानातच दोर बांधून त्यामागे उभं राहिलं. चेंडू दोरापलीकडे पडला की फलंदाजाला आणि बेसवरच्या गड्यांना दोन-दोन बेस आंदण. झेलायला घरचा गडी आला तर गर्दी फाकायची, पाहुणा आला तर तिची भिंत व्हायची. अ‍ॅम्ब्रोस यंदा पाहुणा होता.

"काय अ‍ॅमी, पाय घरी ठेवून आलास वाटतं?" दोराशी उभा असलेला ब्रांडल खाटीक म्हणाला.

"आणलेत की. तू पोट आत घे, दोर तुटेल."

शेवटचा डाव आला. श्टालचा संघ एका धावेनं मागे, दोन गडी बाद, तिसरा गेला की खेळ संपला; दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांची माणसं. चेंडू गर्दीत पडला तर दोघंही धाव पुरी करणार, सामना त्यांचा आणि अ‍ॅम्ब्रोसच्या हातात नारळ.

टोला उंच गेला, थेट दोराकडे. अ‍ॅम्ब्रोस पाठ फिरवून धावत सुटला आणि आठ वर्षांच्या सवयीनं ओरडला, "सरका, आलो!" अंगावरचा सदरा कुठल्या गावचा, हे तो विसरला आणि तेही विसरले. गर्दी दुभंगली. ब्रांडलनं तर शेजाऱ्याला विजारीच्या खांद्यावरच्या पट्ट्याला धरून मागे ओढलं. अ‍ॅम्ब्रोसनं दोरावरून उडी घेतली आणि चेंडू हातमोज्यात विसावला.

तिसरा गडी बाद, सामना पाहुण्यांचा.

"अरे, हा तर त्यांचा!" शेजारी म्हणाला. "तू मला ओढलंस कशाला?"

"अ‍ॅमी आला की सरकायचं," ब्रांडल पुटपुटला. "दुसरं काय करतात?"

नव्या व्यवस्थापकानं लांबूनच टोपी हलवली. नोकरी टिकली होती. पण अ‍ॅम्ब्रोस तिथंच गर्दीत उभा राहिला तो त्यासाठी नव्हे. आपल्याला विकलं ते एकट्या श्टालनं, गावानं नव्हे, हे त्याला आत्ता कळलं.

"चालता हो आता," ब्रांडल डोळे पुसत म्हणाला. "पुढच्या खेपेला जागचे हलणार नाही आम्ही."

"हलाल," अ‍ॅम्ब्रोस म्हणाला आणि दोर ओलांडून परत मैदानात गेला.