वाऱ्याचा आठवडा

एकोणीसशे एकसष्ट साली मी कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, आणि त्या वर्षी चिठ्ठी माझ्या नावाची निघाली.

आमचं कॉलेज एवढंसं. एक दगडी इमारत, मागे मुलींचं वसतिगृह, मैदानापलीकडे मुलांचं आणि मध्ये सभागृह. कुणाला सर्दी झाली तरी दुपारपर्यंत प्रिन्सिपॉलसाहेबांच्या कानावर जायची. अशा ठिकाणी प्रथा फार जपतात. मला त्या अजून आवडतात, खोटं कशाला बोलू? परीक्षेला जाताना ग्रंथालयाच्या दाराची पितळी मूठ डाव्या हाताने फिरवायची. शेवटच्या वर्षाच्या मुलीने जाताना पुढच्या मुलीसाठी खाटेखाली काहीतरी ठेवून जायचं. मला मोजा मिळाला होता. एकच.

पण सगळ्यांत जुनी प्रथा वाऱ्याची. संस्थापनदिनाच्या आधीचा आठवडाभर पहिल्या वर्षातलं एक जण 'वारा' व्हायचं. वाऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, त्याने काही म्हटलं तर ऐकू आलंच नाही. त्याबदल्यात वाऱ्याला सगळं माफ. कुणाच्याही ताटातलं अंडं उचला, तास चालू असताना बाकावर चढून नाचा, मास्तरांचा चष्मा लपवा. संस्थापनदिनाला सभागृहाच्या लाकडी गॅलरीत सगळ्या मुली उभ्या राहून एका तालात पाय आपटायच्या. तो गडगडाट थांबला की प्रिन्सिपॉलसाहेब वाऱ्याला नावाने हाक मारायचे. त्याने 'ओ' दिली की तो पुन्हा माणूस.

माझी ताई तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. पहिला पाय टाकायचा मान त्या वर्षी तिचा. माझी चिठ्ठी निघाल्यावर मैत्रिणींनी तिला चिडवून बेजार केलं.

"आता काय बाई, बहिणीला पदराआड घास भरवणार ही!"

"भरवते की नाही बघाच," ताई म्हणाली. तिला असलं बोलणं झोंबायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने वेणी घालून घ्यायला तिच्यापुढे पाठ करून बसले. ती उठली आणि खिडकी लावून आली. "केवढा वारा सुटलाय गं," मैत्रिणीला म्हणाली. खोलीत खसखस पिकली. मीही हसले.

पहिले एकदोन दिवस मजा आली. मग मजा ओसरली. माणसाकडे कुणी बघत नाही म्हटल्यावर त्याला स्वतःचे हातपायसुद्धा परके वाटायला लागतात. मी आरशापुढून जाताना मुद्दाम थांबायला लागले. शेवटी माणसं टाळून सभागृहात जाऊन बसायची सवय लागली. गॅलरीच्या खाली मोडकी बाकं रचून ठेवलेली असत, त्यातल्या एकावर.

तिथे पहिल्यांदा तो भुसा दिसला. पिवळसर, पिठासारखा मऊ, बाकावर छोटासा ढीग. मी तो पुसला. दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा ढीग. वर बघितलं तर गॅलरीच्या पुढच्या कडेची मोठी तुळई. रंग छान, चकचकीत, दर वर्षी संस्थापनदिनाआधी लावायचे तसा. मी बाकावर चढले, केसांतला आकडा काढला आणि नुसता टेकवला. आकडा आत गेला. जोर न लावता, लोण्यात जावा तसा, बोट तुळईला टेकेपर्यंत. थोडं पुढे दुसरा आकडा टोचला. तोही गेला. कान लावला तर आत काहीतरी कुरतडत होतं. सावकाश, बिनघोर.

गॅलरी बांधली तेव्हा कॉलेजात मूठभर मुली होत्या. आता मुली गॅलरीत खांद्याला खांदा लावून उभ्या राहायच्या. आणि परवा त्या सगळ्या पाय आपटणार होत्या, अगदी पुढे कठड्याशी माझी ताई.

मी धावत खोलीवर गेले. ताई चादर घडी करत होती.

"ताई, गॅलरीची तुळई पोखरलीय. चल, दाखवते. खेळ नाही हा."

ताईने घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"ताई, आईची शप्पथ!"

तिचे हात क्षणभर थबकले. तेवढ्यात खाटेवरची मैत्रीण म्हणाली, "आईची शप्पथ घालणारा वारा पहिल्यांदाच बघितला. म्हणजे, बघितला नाही हं!" सगळ्या लोळून हसल्या. ताईसुद्धा हसली, आणि माझ्या अंगावरून हात पलीकडे नेऊन तिने उशी उचलली, जणू मधे मी नव्हतेच.

मी रेक्टरबाईंकडे गेले. त्या आम्हाला गणित शिकवायच्या, कडक पण मनाने चांगल्या. त्यांच्या तासाला मी सरळ पुढे गेले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: गॅलरी पडणार आहे. तुळई आतून पोकळ आहे. कुणीतरी बघा. वर्गात दबकं हसू पसरलं. बाईंनी डस्टर घेतला, सगळं पुसलं आणि म्हणाल्या, "आज फळ्यावर धूळ फार बसलीय. हं, कालचं समीकरण." मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो तसाच राहू दिला आणि दुसऱ्या हाताने लिहू लागल्या.

प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत मी रडले. त्यांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं. "खिडकीची कडी तपासा. कुठूनतरी आवाज येतोय." आणि शिपायामागून त्यांनी मिशीतल्या मिशीत हसत मला हलकेच डोळा मारला. मी फारच छान वठवतेय, असा. तो डोळा मला अजून दिसतो.

कुणी दुष्ट नव्हतं हो. हेच तर. सगळे इमानाने खेळत होते.

संस्थापनदिनाच्या सकाळी मी गॅलरीच्या जिन्यात आडवी पडले. अरुंद जिना, दुसरी वाट नाही. मुली इस्त्रीच्या साड्या सावरत आल्या आणि मला ओलांडून वर गेल्या. "पायरी जरा उंच झालीय का गं?" "जपून, वारा लागेल!" एकेक चप्पल माझ्या तोंडावरून जात होती. शेवटी ताई आली. मी तिचा घोटा पकडला. ती वाकली, चपलेचा पट्टा नीट करावा तसा माझा हात सोडवला आणि वर गेली.

सभागृह भरलं. खाली मुलं, मंचावर मास्तर मंडळी, मधोमध प्रिन्सिपॉलसाहेब. मी गॅलरीपुढे मोकळ्या जागेत उभी राहिले आणि वर बघितलं.

"ताई," मी म्हटलं, "मग मी पण इथेच."

आणि चार पावलं पुढे सरून बरोब्बर तुळईखाली उभी राहिले. तिला मी दिसावी म्हणून पार आत गेले नाही.

ताईचा पाय उचलला गेला, खाली आला. पाठोपाठ सगळ्यांचे आले. धाड! माझ्या डोक्यावर, खांद्यांवर भुसा सांडला, चाळणीतून सांडावा तसा. धाड! वर काहीतरी लांबलचक कण्हलं.

मी हलले नाही.

ताई पुढे म्हणायची, तिने भुसा बघितला, पण खरं बघितलं ते मला. मी पाल दिसली तरी खाटेवर चढून घर डोक्यावर घेणारी. अंधारात न्हाणीघरात जायला मला सोबत लागायची. अशी मी, पांढरीफटक, डोळे मिटून, मुठी आवळून उभी आहे आणि पळत नाही. खेळात कुणी एवढं घाबरत नाही, आणि एवढी घाबरलेली मी खोट्यासाठी थांबले नसते.

तिचा पाय हवेत थांबला. तिने माझ्या नावाने हाक मारली. सगळं सभागृह दणाणेल अशी.

कॉलेजच्या इतिहासात वाऱ्याला वेळेआधी कुणी हाक मारली नव्हती. पाय थांबले. प्रिन्सिपॉलसाहेब उठून उभे राहिले.

"हे काय चाललंय?"

"ओ!" मी ओरडले.

"तू बाहेर हो!" ताई मला म्हणाली, आणि वळून मुलींना, "सगळ्या खाली. आधी मागच्या. पळायचं नाही, पाय हलके टाका."

मी तुळईखालून बाहेर आले. पहिला पाय तिचा म्हणून असेल, मुलींनी ऐकलं. कुरकुरत, साड्या सावरत उतरू लागल्या. खाली मात्र मुलांनी हुर्यो केली. पोरींनी प्रथा मोडली, मग ती आपण पुरी करू, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं, आणि मुलांनी पाय आपटायला सुरुवात केली. मास्तर मंडळी बघत राहिली. एकदोघांनी मंचावरून तालही धरला. जमीन हादरत होती, भुसा आता धारेने पडत होता, आणि ताई वर उभी राहून एकेकीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे ढकलत होती.

शेवटची मुलगी उतरली तेव्हा ताई जिन्याच्या तोंडाशी होती. गॅलरी आवाज न करता एका अंगाने खाली बसली. आवाज नंतर आला. पाय आपटणं तेव्हाही लगेच थांबलं नाही. पुढच्या बाकांना वाटलं, मुली पुन्हा सुरू झाल्या.

ताईचा डावा पाय दोन फळ्यांमध्ये चिरडला. बाकी कुणाला ओरखडासुद्धा नाही.

प्रिन्सिपॉलसाहेब त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी सगळ्या प्रथांची नावं घेतली, ही सोडून. त्यांचा फोटो अजून सभागृहात आहे. रेक्टरबाई पुढे खूप वर्षं शिकवत होत्या. फळा पुसण्याआधी त्या वर्गाकडे वळून विचारायच्या, "सगळ्यांनी वाचलं ना?" नव्या मुलांना ती त्यांची लकब वाटायची. ज्या मैत्रिणीने शपथेवरून थट्टा केली होती, तिने ताईच्या पायाशी महिनाभर बसून तिची सेवा केली आणि त्यानंतर आमच्याकडे कधीच आली नाही.

गॅलरी लोखंडी झाली. वाऱ्याची चिठ्ठी एक वर्ष निघाली नाही, मग पुन्हा निघायला लागली. मध्यंतरी मला समारंभाला बोलावलं होतं. चहाच्या वेळी दाराशी एक मुलगी एकटीच उभी होती, तिच्या हातात कुणी कप दिला नव्हता. मी तिच्याकडे जायला निघाले तर तरुण प्रिन्सिपॉलबाईंनी हसून माझं कोपर धरलं. "बाई, तिथे कोणी नाहीये." मी कोपर सोडवून घेतलं आणि माझा कप त्या मुलीला नेऊन दिला. काही सांगायचंय का, म्हणून विचारलंही. तिने मान हलवली, नाही. मी तिचे डोळे नीट बघितले आणि मगच परत फिरले.

ताई काठी घेऊन चालते. तिने लग्न केलं नाही, माझे यजमान गेल्यावर आम्ही दोघी एकत्र राहतो. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी ती पलंगावरून माझ्या नावाने हाक मारते. काम काहीच नसतं. मी हातातलं टाकून ओ देते, आणि माझी ओ तिला ऐकू आली नाही असं वाटलं तर पुन्हा देते.