स्नेहलताताईचं ब्रह्मकमळ

माह्या नणंदेच्या, स्नेहलताताईच्या, चिखलीच्या घरी कुंडीत ब्रह्मकमळ हाय. ते उमलायचं असलं का गल्लीतल्या बाया हळदीकुंकू घेऊन येतात, अन् ताई अशी मिरवते का जसं तिनंच ते जन्माले घातलं. मी उंद्रीची, ताईच्या माहेरची, वावरातली. मले बोलावते ते पुऱ्या लाटायले.

माही पोरगी राखी कॉलेजसाठी ताईकडंच राह्यते. ऑगस्टात कॉलेजवाल्यांनी पोरींले फुलं ओळखाले हिमालयात नेलं. परत आली त्या दिवशी कळी उमलायची होती, मी ताईकडं पुऱ्या लाटत होती; तशी माह्या कानाशी लागली, "आई, खरं ब्रह्मकमळ मी डोळ्यानं पाह्यलं. आत्याचं ते नव्हेच. आत्याचा तं निवडुंग हाय!"

"चूप बस," मी म्हटलं. "राह्यत्या खोलीवर पाणी सोडतं काय? अजून वर्ष काढायचं हाय इथं."

पण दिवे लागायच्या वेळी कळी उमलाय लागली, घर बायांनी भरलं, अन् ताईनं सगळ्यांसमोर इचारलं, "राखी, सांग गं, हिमालयात तू हेच फूल बघितलंस ना?" लग्न होऊन चिखलीत आली तवापासून ताई पुस्तकातलं बोलते.

खोटं बोलायची सवय नाही पोरीले, बापावर गेली. तिनं गुपचूप मोबाइलातला फोटो पुढं केला.

"हे? हा तर कोबी दिसतोय!" ताई म्हणाली. बाया खो खो हसल्या. राखीचे डोळे भरले.

माह्यं डोकंच फिरलं. खोली गेली तं गेली! पोरगी थंडीत कुडकुडत शिकून आली, अन् तिले हसता? मोबाइल हिसकावला, फोटो मोठा केला. वरचे फिक्कट पापुद्रे म्हणजे नुसते पानं. आत जांभळे बोंडं एकमेकाले खेटून, अन् एकेका बोंडात बारीक फुलांची गर्दी.

"अवं, हे तं आपल्या करडईचं नातेवाईक हाय!" मी वरडली. "काटे नाहीत अन् रंग जांभळा, एवढंच. बोंड पाहा ना!"

राखी उडालीच. "आई, खरंच कूळ एकच हाय! तुले कोनं सांगितलं?"

"सांगाले काऊन लागते? पंचवीस साल हाताले फडकं बांधून करडई काढून राह्यली मी."

 ताई उठली अन् मले हाताले धरून सैपाकघरात घेऊन गेली. मी मनातल्या मनात राखीची पेटी भरली.

"वहिनी," ताई हळूच म्हणाली, अन् इतक्या सालानं तिच्या तोंडून उंद्रीची बोली निघाली, "ते निवडुंग हाय, मले ठाऊक हाय. पण त्याच्या निमित्तानं वर्षातून एक दिवस घरी माणसं येतात ना. बायांले सांगू नको, माय. पोरगी राहू दे इथंच."

 मी उगाच समजत होती, ताईले वावराची लाज वाटते. आमीच दिवाळीची साडी द्यायचं सोडून तिले कधी राहाले बोलावलं नाही.

"ताई," मी म्हटलं, "जानेवारीत करडई फुलावर असते. चार दिवस राहाले या."

"कोणत्या तारखेले?" ताईनं इचारलं.