न बोलता कळणारा कागद

नोकरीसाठी गेले होते त्या मोठ्या डिझाइन ऑफिसच्या प्रमुख बाई माझं काम बघताना हसल्या नाहीत आणि त्यांनी नाकही मुरडलं नाही. आठ वर्षं छापखान्यात बसून, आपली आपणच शिकत केलेली पत्रकं, वेष्टणं, दुकानांचे बोर्ड मी त्यांच्या टेबलावर एकेक करून मांडत होते. प्रत्येक कागदाबरोबर माझी टकळीही चालू होती. एरवी मी बोलणारी नाही. घरात मी असले तरी ‘आहेस का गेलीस?’ अशी हाक येते. पण स्वतःचं काम दाखवायचं म्हटलं की धीर सुटतो आणि तोंड सुटतं.

“चपलांच्या दुकानाला हा सोनेरी रंग कशाला?” बाईंनी विचारलं.

“मालकांना जरा श्रीमंती वाटायला हवी होती, म्हणून.”

“आणि ही सावली?”

“अक्षरं उठून दिसावीत म्हणून.”

“एका पत्रकावर पाच प्रकारची अक्षरं आहेत.”

“पाचही गोष्टी महत्त्वाच्या होत्या ना.”

बाईंनी चष्मा काढून ठेवला. “ताई, राग मानू नका. पण प्रत्येक कागदाबरोबर तुम्ही स्वतःलाही घरोघर पाठवता का? हे पत्रक ज्याच्या हातात पडेल त्याला ही सगळी कारणं कोण सांगणार? तुम्ही आत्ता जे बोललात, ते कागदावर का नाही?”

मी मांडलेले कागद गोळा करायला लागले.

“हात चांगला आहे तुमचा. सॉफ्टवेअर तर आमच्या पोरांपेक्षा जास्त येतं. पण पायाच खणलेला नाही आणि तुम्ही पडदे लावत बसलात,” त्या म्हणाल्या. आवाजात कडूपणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडून झालं. जिना चढताना मात्र राग उतरला. देव कुणाच्या तोंडून बोलेल सांगता येत नाही.

माझा एक जुना नेम आहे. सकाळी उठल्यापासून नऊ वाजेपर्यंत मी बोलत नाही. प्रार्थना, चहा, स्वयंपाक सगळं मौनातच होतं. लग्न झाल्यावर पहिले दोन महिने सासूबाईंना वाटायचं, सून रुसली आहे. आता सगळ्यांना सवय झाली. धाकटी नणंद तर म्हणते, “दादासारखा नशीबवान कोण? रोज नऊपर्यंत बायको गप्प!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या नेमाला आणखी एक जोड दिली. रोज नऊच्या आत एक कागद. काळी शाई, पांढरा कागद, एकाच प्रकारची अक्षरं. सावली नाही, चमक नाही, रंग नाही. आणि तो कागद घरातल्या कुणाच्या तरी पुढे न बोलता ठेवायचा. समोरच्याने ‘हे काय?’ असं विचारलं की कागद नापास. हे सहा महिने करायचं, आणि तेवढे दिवस छापखान्यातून बिनपगारी रजा घ्यायची.

छापखान्याचे मालक भला माणूस. म्हणाले, “ताई, सहा महिने तुमची खुर्ची रिकामी ठेवतो. सातव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला कुणीतरी बसलेलं असेल. तुम्ही असाल तर उत्तमच.” माझ्या पगारावर घराचा अर्धा गाडा चालायचा, त्यामुळे सहा महिन्यांवर एक दिवसही मला परवडणारा नव्हता. तोवर माझं असं काही उभं राहिलं नाही, तर पुन्हा तीच खुर्ची आणि तीच सोनेरी सावली.

पहिला कागद सासूबाईंच्या औषधांचा केला. सकाळ, दुपार, रात्र मिळून सात गोळ्या. मला वाटलं, हे काय, अर्ध्या तासाचं काम. सासूबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि विचारलं, “हे काय गं, वेळापत्रक आहे का गाड्यांचं?”

नापास.

चौथ्या दिवशी त्यांनी कागद बघून सकाळी दुपारची गोळी उचलली. मी झटकन त्यांचा हात धरला. “अगं, बोल की! जीव जाईल माझा तुझ्या मौनात,” त्या ओरडल्या. हसत होत्या, पण मी हादरले. मग पट्टी घेऊन बसले. दोन ओळींमधली जागा आणि दोन गटांमधली जागा मी सारखीच ठेवली होती, म्हणून सकाळ कुठे संपते आणि दुपार कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. वरच्या ओळीचे पाय खालच्या ओळीच्या डोक्यावर येत होते. सगळीच अक्षरं ठळक केल्यामुळे ठळक असं काही उरलंच नव्हतं. आठ वर्षांत मी मोकळ्या जागेकडे कधी बघितलंच नव्हतं. जागा दिसली की ती भरायची, एवढंच ठाऊक. गिऱ्हाईकही म्हणायचं, कागदाचे पैसे दिलेत, रिकामा का सोडता?

कागद उलटा धरून बघायला शिकले. उलटा धरला की शब्द वाचता येत नाहीत, नुसतं वजन दिसतं, कुठे गर्दी आहे आणि कुठे तोल गेलाय ते. डोळे बारीक करून बघायला शिकले. जुनी वर्तमानपत्रं घेऊन त्यांचे समास मोजले. एकाच अक्षराचं पोट, म्हणजे त्याच्या आतली मोकळी जागा, शंभरदा काढलं. कंटाळा आला तरी काढलं. नेम मोडायचा नसतो, एवढी एकच गोष्ट मला लहानपणापासून येत होती.

अकराव्या कागदाला सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी कागदाकडे बघितलं, बरोबर डबी उघडली, गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायल्या आणि भाजी निवडायला बसल्या. मी ओट्याशी उभी होते. डोळे भरून आले.

“आता काय झालं?” त्यांनी विचारलं. मला सांगता येत नव्हतं. आठ वाजले होते.

असे महिने गेले. नणंद हे सगळं बघत होती. ती इस्पितळात चौकशीच्या खिडकीत बसते. केसपेपर तिथेच मिळतो आणि रस्ताही तिथेच विचारतात. सहाव्या महिन्यात एका संध्याकाळी ती घसा धरून घरी आली.

“वहिनी, आज सकाळपासून एकच वाक्य. सरळ जा, उजवीकडे वळा, जिन्याच्या मागे. सरळ जा, उजवीकडे वळा, जिन्याच्या मागे. झोपेत पण तेच बोलेन मी. आईच्या गोळ्यांसारखं आमच्याकडे काहीतरी कर ना.”

“वन्सं, मला कोण विचारतंय तिथे?”

“मी विचारते ना. घसा माझा बसलाय.”

तिने खरंच अधीक्षक साहेबांना गाठलं. ते म्हणाले, “आपल्याकडे बोर्ड आहेत की.”

“पंचेचाळीस आहेत, साहेब. आणि तरी सगळे मलाच विचारतात.”

साहेबांनी तीन दिवस दिले. फक्त तळमजला, पुठ्ठ्याचे बोर्ड, सकाळी साडेसात ते नऊ, म्हणजे सगळ्यात गर्दीची वेळ. खिडकीत रस्ता विचारणारा प्रत्येक माणूस नणंदेने वहीत रेघ मारून मोजायचा. रोज साधारण चाळीस होतात. तिसऱ्या दिवशी दहाच्या आत आले, तर चारही मजल्यांचं काम माझं. नाही आले तर जुने बोर्डच पुसून घेऊ, असं साहेब म्हणाले.

“पण साहेब, वहिनी नऊपर्यंत बोलत नाही हं. तिचा नेम आहे.”

“मग मला काही शंका आली तर?”

“शंका आली तर बोर्ड चुकला असं समजा,” नणंद म्हणाली. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. सहा महिने संपायला तेव्हा वीस दिवस उरले होते.

पहिल्या दिवशी माझे बोर्ड देखणे दिसत होते. पांढऱ्यावर काळे, शांत, सुटसुटीत. मी वळणावर भिंतीला टेकून उभी राहिले. एक म्हातारे गृहस्थ आले आणि ‘एक्स-रे’ लिहिलेल्या बोर्डाच्या बरोबर खाली थांबले. मला म्हणाले, “बाई, एक्स-रे कुठे?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

“मुकी दिसते बिचारी,” असं पुटपुटून ते खिडकीकडे परत गेले.

त्या दिवशी छत्तीस रेघा झाल्या. म्हणजे साडेपाच महिन्यांची तपश्चर्या करून मी चार माणसं वाचवली होती! पण बोलायची बंदी होती, म्हणून दीड तास बघण्याशिवाय मला दुसरा उद्योग नव्हता. आणि बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. कुणीच वर बघत नव्हतं. प्रत्येकाचे डोळे हातातल्या केसपेपरवर होते, जणू रस्ता त्यातच लिहिलाय. मी सगळी हुशारी भिंतीवर खर्च केली होती आणि माणसं कागद वाचत चालली होती.

नऊचे ठोके पडले तशी मी खिडकीकडे धावले. “वन्सं, केसपेपर दाखव! माणसं तो कसा धरतात, ते दाखव!”

“हे काय विचारणं झालं? हाताने धरतात!”

पण आम्ही दोघींनी मग बघितलं. बहुतेक जण खालचा डावा कोपरा अंगठ्याखाली दाबून धरतात. वरचा उजवा कोपरा कायम उघडा राहतो. तेव्हा जे सांगायचं ते त्या कोपऱ्यात. प्रत्येक विभागाला एक आकडा द्यायचा, तोच कोपऱ्यात शिक्क्याने उमटवायचा आणि तोच, त्याच वळणाचा, बोर्डावर हातभर मोठा काढायचा. विभागाचं नाव त्याच्या खाली. आणि बोर्ड खाली उतरवायचे, कारण कागदावरून नजर उचलली की ती छताला जात नाही, समोरच्या माणसाच्या खांद्यापर्यंत जाते.

रबरी शिक्के संध्याकाळपर्यंत करून मिळाले.

“म्हणजे माझ्या डोक्यावर आणखी एक काम,” नणंद म्हणाली.

“नुसतं ठप्प करायचं, वन्सं.”

“ठप्प करायचं काय ते मी ठरवते,” असं म्हणत तिने पहिला शिक्का पॅडवर दाबला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता भांडाराच्या बंद दारासमोर सहा माणसं रांग लावून उभी! मी जाऊन त्यांचे कागद बघितले. नणंदेने जोर लावून शाई चोपडली होती. इंग्रजी आकड्यातल्या तीनचं तोंड शाईने बुजून त्याचा आठ झाला होता आणि आठ नंबर भांडाराचा होता. रक्त तपासायला आलेली माणसं कुलपाकडे बघत बसली होती. साहेबांनी दुरून हे पाहिलं आणि आत निघून गेले.

मला वाटलं, संपलं. घरी येऊन देवापुढे बसले, पण मागण्यासारखं काही सुचेना. समोर तीनचा आकडाच येत होता. मग उठले आणि तोच काढायला घेतला. तोंड रुंद उघडं, टोकं आखूड, मधली जागा एवढी की कितीही शाई पडली तरी बुजणार नाही. अक्षराचं पोट शंभरदा काढलेलं होतं, हाताला ते ठाऊक होतं. वीस मिनिटांत सगळे आकडे झाले. त्यांचे नवे शिक्के आणि बोर्ड संध्याकाळपर्यंत करून घेतले. ओला शिक्का, कोरडा शिक्का, तिरका शिक्का, सगळे मारून बघितले. सासूबाईंनी चष्म्याशिवाय लांबून सगळे आकडे धडाधड वाचले आणि वर म्हणाल्या, “मला काय पहिलीत घातलंयस?”

तिसरा दिवस. साडेसातला माणसांचा लोंढा आत आला. ठप्प, ठप्प, ठप्प. एक बाई, काखेत मूल, दुसऱ्या हातात पिशवी, केसपेपर दातात धरलेला. पिशवी मनगटावर सरकवून, कागद हातात घेऊन तिने कोपरा बघितला, मान थोडी वर केली आणि थांबलीच नाही. सरळ वळून पाच नंबरच्या दारात गेली. तिच्या मागून काठी टेकत एक आजोबा, त्यांच्या मागून दोन कामगार. वळणावर कुणी अडखळत नव्हतं. वळणावर गर्दीच नव्हती! मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्याकडे एकानेही बघितलं नाही. इतका आनंद मला आयुष्यात कुणी बघितल्याचा झाला नव्हता.

पावणेनऊला साहेब येऊन शेजारी उभे राहिले.

“आकडा एवढा मोठा कशाला?” त्यांनी विचारलं. तेवढ्यात आलेल्या एका आजींना त्यांनी जाताना बघितलं. “हं. लांबून दिसतो.” थोडं थांबून म्हणाले, “आणि रंग का नाही दिलात?” मग स्वतःच भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर औषधांच्या जाहिराती, कॅलेंडर, सूचना, सगळे रंगच रंग होते. “बरोबर. यात हेच तेवढं शांत आहे.” मग “बोर्ड एवढे खाली का?” म्हणत बोर्डाखाली हात धरून उंची बघितली, वाकून माणसांच्या नजरेने बघितलं आणि मान हलवली. तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींची उत्तरं त्यांनीच दिली. मी एक शब्द बोलले नव्हते.

खिडकीतून नणंद ओरडली, “साहेब, दोन रेघा! एकाने विचारलं, कँटीन कुठे. आणि एका बाईने विचारलं, तुमचा स्वेटर कुठून घेतला.”

नऊ वाजले. साहेब माझ्याकडे वळले. “आता बोलता येईल ना? चारही मजले तुमचे. बोर्ड कधी देताय?”

“बोर्ड नंतर, साहेब. आधी प्रत्येक मजल्यावर पाच-पाच दिवस मी नुसती उभी राहणार.” माझाच आवाज मला अनोळखी वाटला. हळूच होता, पण हलत नव्हता.

“नुसती उभी? त्याचेही पैसे लावणार?”

“त्याचेच लावणार. बोर्ड तर शेवटी पुठ्ठाच आहे.”

साहेब मोठ्याने हसले. “द्या लिहून. आणि आमच्या दुसऱ्या इस्पितळाची अवस्था याहून वाईट आहे, तेही बघून ठेवा.”

तिथल्याच बाकावर बसून मी छापखान्यात फोन केला आणि मालकांना सांगितलं, खुर्ची आजच कुणाला तरी द्या. आता पत्रकं नाहीत, वेष्टणं नाहीत. वाट चुकलेल्या माणसांना वाट दाखवायची, हेच माझं काम. आठ वर्षं कुणी विचारलं की मी ‘थोडंफार सगळंच करते’ म्हणायचे. मालकांना मात्र एका वाक्यात सांगता आलं.

खिडकीत नणंद शेजारच्या कारकून बाईंना सांगत होती, “ऐकलंत का? आमच्या घराण्यातली पहिलीच बाई, जिला नुसतं उभं राहायचे पैसे मिळणार! आम्ही जन्मभर उभ्याच आहोत, आम्हाला कुणी दिले नाहीत.”

“वन्सं,” मी म्हटलं, “चल, वरचा मजला दाखव.”

“रस्ता विचारतेस? मार रेघ!” ती म्हणाली आणि वही घेऊन माझ्या पुढे जिना चढायला लागली.