कडेची झोप

गादीवाल्याच्या दुकानात दुपारी कापूस हवेत तरंगत असे. पिंजायचं यंत्र बंद केल्यावरही त्याचे बारीक तंतू उन्हाच्या पट्ट्यात कितीतरी वेळ वरखाली होत राहत. गादीवाला तेव्हा नुकत्याच शिवलेल्या गादीवर आडवा होई. गिऱ्हाइकांना सांगे, गादी तपासतोय. बायको होती तेव्हा म्हणायची की एवढी कसून तपासलेली गादी जगात दुसरीकडे मिळायची नाही.

या तपासणीत त्याला हमखास मावशी दिसायची. तो जन्मायच्या आधीच ती परदेशी गेलेली, त्यामुळे स्वप्नाला तिचा चेहरा ठाऊक नव्हता. ती पुढे पुढे चालायची, रस्त्यावर कापूस पडलेला असायचा, पाऊल वाजायचं नाही. तो हाक मारायचा. ती वळायची, आणि चेहरा निघायचा कुठल्यातरी गिऱ्हाइकाचा. “उशी फार टणक झाली हो,” असं म्हणून ती पुन्हा चालायला लागायची. स्वप्नातसुद्धा लोक तक्रारी सोडत नाहीत.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. सुतार नवऱ्यामागोमाग ती दुसऱ्या देशात गेली. दोनेक वर्षं पत्रं आली, मग तिकडे मोठी उलथापालथ झाली, पत्ते बदलले आणि धागा तुटला तो तुटलाच. आई आता ऐंशीच्या पुढची. गुडघे गेलेले, नजर बरी, जीभ मात्र नव्यासारखी. तिला मरायच्या आधी दोनच गोष्टी कळायला हव्या होत्या: ताई आहे का, आणि असली तर तिला माझी आठवण आहे का. हे ती अशा थाटात सांगायची, की मरण जणू तिच्या परवानगीसाठी दाराबाहेर खोळंबलंय.

शोधायचं काम गादीवाल्याच्या लेकीने अंगावर घेतलं. हरवलेली नाती शोधणाऱ्या लोकांचा फोनवर एक गट होता, त्यात ती दिवसभर डोकं घालून बसायची. वर्षभरात दोन मावश्या सापडल्या. पहिली आईपेक्षाही लहान निघाली. दुसरीच्या वेळी दोघी म्हाताऱ्या फोनवर अर्धा तास रडल्या, एकमेकींची दुखणी सांगून झाली, आणि मग कळलं की ही दुसऱ्याच कुणाची तरी मावशी. आई अजूनही अधूनमधून तिच्या कंबरेची चौकशी करते. पण त्या दिवसानंतर आईचं अन्नावरून मन उडालं होतं, आणि गादीवाल्याने ते पाहिलं होतं.

त्यामुळे तिसरी सापडली तेव्हा त्याला आनंदाआधी धास्ती वाटली. गाव जुळत होतं, सुतार नवरा जुळत होता, वय जुळत होतं. अडत होतं ते एकाच ठिकाणी. तिकडच्या नातीने कळवलं होतं, आजी हल्ली सगळं विसरते. तुमची भाषा बोलताना मी तिला कधी ऐकलेलं नाही. बहिणीचं विचारलं तर म्हणते, मला बहीण नव्हती.

“आपल्या आजीला हे सांगायचं?” लेकीने विचारलं.

“सांग. पण उद्या फोनवर काहीही निघालं तरी आपण म्हणायचं, हीच ती.”

“बाबा, आणि नसली तर?”

“नसली तर नसली. आईने आणखी किती मावश्या गमवायच्या?”

लेकीला ते पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर गादीवाल्यालाही पटलं नव्हतं. पण आईचं पडलेलं तोंड बघण्यापेक्षा खोटं बोलणं त्याला सोपं वाटत होतं.

आईने ऐकून घेतलं. “विसरली असेल,” म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “नाहीतर ती नसेलच.” त्यानंतर ती दिवसभर कुणालाच काही बोलली नाही, आणि घरात हे कधी घडलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लावला. घरापेक्षा दुकानात उजेड बरा, म्हणून आईला नव्या गादीवर आणून बसवलं, फोन कापसाच्या गठ्ठ्याला टेकवला. इकडे ऊन कलत होतं, तिकडे नुकतं उजाडलं होतं. पडद्यावर केस विंचरायच्या बेतात असलेली एक तरुण मुलगी आली. ती बोलायची, लेक ते आपल्या भाषेत सांगायची.

“आजी अजून उठली नाही म्हणते. एरवी लवकर उठते.”

“उठवू नका,” आई घाईने म्हणाली. “नुसती दाखव म्हणावं. झोपेत बघते.”

मुलगी दबक्या पावलांनी आत गेली. पडदा हलला, अंधारला, एक खिडकी आली, तिच्या पडद्यामागचा निळसर पहाटेचा उजेड आला, आणि मग पलंग. गादीवाल्याला वाटलं आपण आडवे झालो आहोत आणि नेहमीची तपासणी चालू आहे. पण या वेळी बाई वळत नव्हती. ती त्यांच्याकडेच तोंड करून झोपली होती. सुरकुतलेला, अनोळखी चेहरा. आईशी काही जुळतंय का, ते त्याला कळेना. सवयीने त्याची नजर गादीवर गेली.

दोन माणसांचा ऐसपैस पलंग होता, आणि म्हातारी अगदी कडेला, आता पडते की मग, अशी झोपलेली. कडेला गादी बसून पार खोलगट झालेली. मागची सगळी गादी फुगीर, नव्यासारखी. त्या रिकाम्या गादीवर तिने एक हात मागे पसरला होता.

“तिला विचार,” तो लेकीला म्हणाला, “एकटं माणूस मधोमध झोपतं. या अशा का झोपतात?”

लेकीने विचारलं. मुलगी हसली आणि कुजबुजत काहीतरी सांगत राहिली.

“पहिल्यापासून अशीच झोपते म्हणे. आजोबा वैतागायचे, एवढा मोठा पलंग केला आणि ही कडेला. पडू नये म्हणून आता रोज रात्री खुर्ची लावतात.”

आई पुढे सरकली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“आमची खाट अरुंद होती,” ती म्हणाली. “मी झोपेत लोळायची. एकदा पडले, कपाळाला टेंगूळ आलं, आणि ओरडा बसला ताईला. तेव्हापासून तिने मला आत घेतलं, स्वतः कडेला झोपायला लागली. हात असा मागे, माझ्या अंगावर. तिचं लग्न होईपर्यंत.”

गादीवाल्याने लेकीकडे पाहिलं. आता खोटं बोलायची काही गरज उरली नव्हती. तो म्हणाला, “हीच ती,” पण ते कुणी ऐकलं नाही.

फोनमधल्या कुजबुजीने असेल, म्हातारीची झोप चाळवली. डोळे मिटलेलेच. मागे पसरलेला हात हलला आणि रिकाम्या गादीवर चाचपू लागला. हाताला काही लागेना तसा तो भराभर फिरायला लागला, उशीखाली गेला, पलीकडच्या कडेपर्यंत पोचायला धडपडला. मग म्हातारी झोपेतच बोलली, स्पष्ट, जराशी रागावून.

“पडलीस का गं?”

तिकडची मुलगी दचकली. तिने फोन तोंडाजवळ नेऊन काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं. ती विचारत होती, आजी काय म्हणाली, ही कुठली भाषा. लेकीने फोन आईसमोर सरकवला. गादीवाला रडत होता आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती.

आई फोनवर इतकी वाकली की तिचा श्वास काचेवर उमटला.

“नाही गं ताई,” ती म्हणाली. “इथेच आहे. झोप तू.”

म्हातारीचा हात थांबला, आणि तसाच तिथे पसरून राहिला.