डावीकडची काच

तिसरी काच तडकली तेव्हा धाकट्याकडे शिव्याही उरल्या नव्हत्या. त्या त्याने दुसऱ्या काचेवरच संपवल्या होत्या.

विमान बाबांच्या तरुणपणीचं, दोन माणसं जेमतेम कोंबून बसतील एवढं. खिडक्या अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे प्लास्टिकच, पण घरात सगळे काचच म्हणायचे. उजवीकडची थोरल्याने मागे कारागिराकडून बसवून घेतली, तिला बाबा अजून ‘भाड्याची’ म्हणत. डावीकडची इतकी पिवळी पडली होती की भर दुपारी बाहेर संध्याकाळ दिसायची. बाबांनी सांगून टाकलं होतं, “स्वतःच्या हाताने काच बसव, विमान तुझं. नाही जमलं तर रविवारी गिऱ्हाईक येतंय.”

आज शनिवार. आणि उरलेल्या तुकड्यातून शेवटची एकच काच निघत होती.

जुनी काच वर ठेवून त्याने परत आखलं, बारीक दातांची करवत लावली. बाबा स्टुलावर होतेच.

“हळू रे. करवत आहे, दाढीचं ब्लेड नाही.”

“ब्लेड हळूच चालवतात, बाबा.”

“मग तसंच चालव!”

त्याने दात-ओठ खाल्ले. कडा घासल्या, भोकं पाडली, स्क्रूपेक्षा जरा मोठीच. व्हिडिओ बघून बघून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती: उन्हात अ‍ॅक्रिलिक फुगतं, त्याला अंग हलवायला जागा हवी. म्हणून स्क्रू आवळायचा आणि अर्धा फेरा मागे घ्यायचा. तो दरवेळी घ्यायचा. आणि तरी विमान उन्हात काढलं की टच्च! तडा बरोबर स्क्रूपासून.

काच बसवून तो नळावर हात धुवायला गेला. परत येऊन बघतो तर बाबा अर्धे विमानात, अर्धे बाहेर, जीभ दातात धरून स्क्रू आवळतायत.

“बाबा!”

“ओरडतोस काय? सगळे सैल होते. एकूण एक.”

“मी ठेवलेत सैल! मुद्दाम!”

“मुद्दाम सैल कोण ठेवतं?”

“म्हणजे आधीच्या पण तुम्हीच... अहो, विमान विकायचंच असेल तर सरळ सांगा ना! माझा जीव कशाला खाताय?”

बाबांचा चेहरा पडला. “विकायला कशाला आवळू? तू यात बसून वर जाणार. सैल स्क्रू दिसला की मला राहवत नाही.”

तरी धाकट्याचा राग काही जाईना.

“आता तुम्हीच करा सैल. सगळे.”

बाबांनी स्क्रूड्रायव्हर लावला. हात उलटा फिरेचना.

“एवढा?”

“अजून.”

“अरे, पडेल ती!”

“नाही पडत! अजून!”

शेवटच्या स्क्रूपर्यंत दोघंही घामाघूम. मग विमान ढकलत उन्हात काढलं आणि कान लावून उभे राहिले. ऊन डोक्यावर आलं, कललं. काच गप्प.

बाबांनी गिऱ्हाइकाला फोन केला. “नका येऊ. मुलाने ठेवून घेतलंय.” फोन खिशात टाकत म्हणाले, “पण पहिल्या खेपेला मी शेजारी बसणार.”

“तुम्ही कशाला?”

“काच धरायला.”

धाकट्याने शेजारच्या सीटवरचा हत्यारांचा डबा उचलून खाली ठेवला.