निरगुडीचा अर्क

कारभारींच्या पायाची जखम चिघळली, तेव्हा त्यांची लेक मनकर्णा विद्यापीठात निरगुडीच्या पानांवरच काम करत होती. पानांच्या अर्कातलं नेमकं कोणतं द्रव्य जंतू मारतं, ते तिला शोधायचं होतं. हर्सूलच्या पुढं माळावर मेंढरं राखणाऱ्या त्या घरात एवढं शिकलेली ती पहिलीच.

बाभळीचा काटा मोडला होता, त्यात कारभारींना शुगर. दवाखान्यात अँटिबायोटिक बदलून बदलून दिली, पण जखमेतले जंतू कशालाच दाद देईनात. डॉक्टरांना विचारून मनकर्णानं त्यातलेच थोडे प्रयोगशाळेत नेले, काचेच्या बशीत वाढवले आणि मधोमध अर्क ठेवला. दुसऱ्या दिवशी अर्काभोवती स्वच्छ वर्तुळ पडलं होतं. तिथं जंतू उरलेच नव्हते.

ती तशीच दवाखान्यात गेली.

"आबा, तुमच्या पायातले जंतू निरगुडीनं मेले."

"निरगुडीनं? तिला तर शेळीबी तोंड लावत नाय." कारभारी हसले. "मंग दे की मला."

"नाय देता येत. जंतू रक्तात उतरल्यात. त्यांना माराया पुरंल एवढा अर्क पोटात गेला तर किडनीचं काय व्हईल, कुणालाच ठाव नाय. अजून उंदरावरबी करून पाह्यलं नाय."

"लई दिस लागतेन?"

"वर्षं लागतेन, आबा."

"व्हय का," ते म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितलं.

पाय गुडघ्याखाली कापला. तरी ताप उतरला नाही. कारभारी गेले.

मनकर्णाला रडू आलं नाही. भावकीतल्या बाया कुजबुजल्या, तेव्हा तिची माय बानाबाई म्हणाली, "राहू द्या तिला."

सुतकाचे दिवस सरल्यावर ती कामावर गेली. तिचे मार्गदर्शक सर फ्रिजपाशी घुटमळले.

"तुझ्या वडिलांचे जंतू अजून जिवंत आहेत. नको वाटत असेल तर नष्ट करू."

मनकर्णानं मनात चाचपून पाहिलं. रागसुद्धा सापडला नाही.

"ठेवू, सर. एवढे चिवट जंतू सहसा मिळत नाहीत."

तिनं जंतू उचलायची तार ज्योतीवर लाल केली, निवू दिली आणि जुन्या बशीतले जंतू नव्या बशीत पसरवले. सगळं नीट झालं.

संध्याकाळी बानाबाईनं विचारलं, "आज काय केलं गं?"

"आबांच्या जखमेतले जंतू वाढाया ठेवले."

बानाबाईनं भाकरी वाढली. मनकर्णा जेवली.